पंचेचाळीस मिली

पेल्याला बाहेरून तापमानाची पट्टी.
चार मिनिटांत हातात द्यायचा,
नाहीतर माझी ऊबही खोटी धरतील.

संडासातलं पाणी निळं केलंय. नळावर टेप.
खिसे रिकामे केले ट्रेमध्ये: किल्ल्या,
खोकल्याच्या दोन गोळ्या, डेपोचा बिल्ला,
आणि एक लायटर.
बाईनं लायटरकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"हर्लीकर?"
हिर्लेकर. शालन हिर्लेकर. पिवळी बस, मार्ग एकोणीस,
त्रेचाळीस मुलं, सोळा वर्षांत एक आरसा फुटला तेवढाच.
ती दाराबाहेर कान देऊन उभी,
आणि छप्पन्नाव्या वर्षी, वुस्टर गावात,
मला लघवी होत नाहीये.

घर लाकडी, तीन मजली. मी मधे,
तळाला रेमंड गॉडेट.
तारांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली त्यानं,
आता हाडांत कॅन्सर.
गांजा दुकानातून आणायचा, पावतीसकट.
त्याला राज्याचा कायदा लागू,
माझ्या लायसन्सला वॉशिंग्टनचा.
धुराला यातलं काही माहीत नव्हतं.
तो हीटरच्या पाइपाभोवतीच्या फटीतून वर यायचा.
मी जुन्या परकराचा बोळा कोंबला,
घरमालकाला दोन पत्रं लिहिली,
दुसरं जरा कडकच.

मग फेब्रुवारीत एका रात्री
खालून पाइपावर चमचा वाजला.
बराच वेळ वाजत राहिला.
गेले. तो खुर्चीत, मांडीवर कागद,
चुरा सगळा गालिच्यावर.
बोटं वळत नव्हती त्याची.

मला वळता येत होतं.
कार्तिकात वाती वळायचो तसंच ते,
फक्त दुधाऐवजी जीभ, आणि जीभ त्याची.
मी पेटवून दिली, ओठांशी धरली,
राख बशीत झाडली.
खिडकी उघडली की त्याला खोकला लागे,
म्हणून बंद.
असं रोज. सात ते साडेसात.
तो हॉकीबद्दल बोलायचा, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.
कधी बोलायचाच नाही.

एकही झुरका घेतला नाही मी.
हे खरं आहे.
आणि हेही, की श्वास रोखून
कुणाजवळ बसता येत नाही.

फॉर्मवर नाव आहे, वास्तव्याचा पत्ता आहे,
कुणाशेजारी बसलात, किती वेळ,
याला चौकट नाही.
युनियनचा डेनिस म्हणाला, "शालन, पंखा लावायचास."
ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी ताडीच,
असं आमच्याकडे म्हणतात.
त्याला सांगणार होते, पण ताडाचं काय करू?
मेपलखाली बसून?

शेवटी झालं.
रेघेच्या थोडं वर.
पेला घेऊन बाहेर आले, भांडं लपवायला
पदरही नव्हता.
बाईनं पट्टी पाहिली, दोन बाटल्यांत ओतलं,
सील लावलं, मी सहीची आद्याक्षरं केली.
दोन्ही बाटल्या कोमट होत्या. हाताला बरं वाटलं.

हे मंगळवारी.
बुधवारी पहाटे रेमंड गेला. बसला निघाले तेव्हा
फाटकाशी गाडी उभी होती, दिवे न लावलेली.

शुक्रवारी डेपोत फोन.
निगेटिव्ह.
डेनिसनं पाठीवर थाप मारली.
मी पुन्हा विचारलं, काहीच नाही? थोडंसुद्धा?
"मर्यादेखाली असेल तर आम्ही सांगत नाही,"
पलीकडचा आवाज म्हणाला.

घरी येऊन बोळा काढला.
फटीतून थंड हवा आली, नुसतीच.
लायटर अजून खिशात आहे.
कोट धुवायला टाकायचाय,
दोन रविवार झाले.
त्यात अजून त्याचा वास आहे.